घोरण्यासाठी नवी गादी घ्यावी का?

ए ३०४ (रात्री ९:४०):
नमस्कार. विषय घरगुती आहे, पण आता राहवत नाही म्हणून ग्रुपवर विचारते. ह्यांचं घोरणं गेल्या वर्षभरात फार वाढलंय. आमचं वन बीएचके, मुलगी बारावीला. ती हॉलमध्ये झोपते तरी दार लावूनसुद्धा तिला आवाज येतो. माझी झोप तर रोज दोन-तीनदा मोडते. आज स्टेशनजवळ गादी बघायला गेलो होतो. तिथला माणूस म्हणाला, मेमरी फोमची आठ इंची घ्या, घोरणं बंद होतं. ३८ हजार सांगितले. आत्ताची गादी कापसाची आहे, लग्नातली. कोणी अशी घेतली आहे का? खरंच फरक पडतो का?

सी १०१:
वहिनी, पैसे देऊ नका अजून. दुकान बंद करतोय, घरी पोहोचून नीट लिहितो.

बी ५०२:
आम्ही कॉयरची घेतली दोन वर्षांपूर्वी. माझी कंबर सुधारली. घोरणं होतं तसंच आहे.

डी २०४:
डोक्याखाली दोन उशा द्या. माझ्या सासऱ्यांना आम्ही तसंच करतो.

बी २०३:
दोन उशा नको गं. त्याने फक्त मान वाकते, हनुवटी छातीकडे येते आणि घसा आणखी आवळतो. उचलायचं तर कंबरेपासून वरचं सगळं अंग उचलायचं. आम्ही हे सगळं करून बसलोय. सी १०१ भाऊंचं होऊ दे, मग मी लिहिते.

सी १०१ (रात्री १०:२५):
वहिनी, सतरा वर्षं गाद्यांच्या धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. घोरणं थांबवणारी गादी अशी कुठलीही नसते. माणूस उताणा झोपला की जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे पडतो, श्वासाची वाट अरुंद होते आणि तो भाग थरथरतो, तोच आवाज. कुशीवर झोपलं की बऱ्याच जणांचं कमी होतं. गादीचा संबंध एवढाच, की तिच्यावर माणसाला रात्रभर कुशीवर राहता आलं पाहिजे.

गादी दगडासारखी असली तर खांदा आणि खुबा दुखतो, माणूस झोपेतच उताणा होतो. फार मऊ असली तर कंबर रुतते, मध्ये खोलगट होतं आणि अंग आपोआप त्या खळग्यात पाठीवर येतं. तुमची कापसाची गादी आधी तपासा. चादर काढा, झाडूची लांब काठी गादीवर आडवी ठेवा आणि ते झोपतात तिथे काठीखाली हात घाला. दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल तर गादी बसलीय. कापूस पिंजून, थोडा नवीन घालून भरून घेता येते, ३८ हजारांच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

नवीनच घ्यायची असेल तर मध्यम घ्या. खाली चार इंच रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला घट्ट थर, वर दोन इंच मऊ फोम किंवा लॅटेक्स (रबराचा फोम). नुसता जाड मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, जड माणसाला त्यात कूस बदलणं अवघड जातं, आणि आपल्या डोंबिवलीच्या मे महिन्यात पाठ भिजते. दुकानात काठावर बसून दाबून बघू नका. चप्पल काढून कुशीवर पंधरा मिनिटं पडा, तुम्ही मागे उभं राहून त्यांचा कणा बघा. मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ ओळ दिसली पाहिजे. कुशीवर झोपणाऱ्याला उशी थोडी जाड लागते, कान आणि खांदा यांच्यातली जागा भरेल एवढी.

अजून एक. ७२ बाय ७२ ची अखंड गादी आपल्या लिफ्टमध्ये जात नाही. ७२ बाय ३६ च्या दोन घेतल्या तर तुम्हाला हवी तशी तुमची, त्यांना हवी तशी त्यांची, आणि ते वळले की तुम्हाला हिसका बसत नाही.

ए ३०४:
भाऊ, किती समजावून सांगितलंत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवतात म्हणे, ते करू का? आमचा पेटीचा पलंग आहे.

सी १०१:
पेटीच्या पलंगाला नाही. त्याचा तळ जमिनीला टेकलेला असतो, आत सामान. एक बाजू उचलली की प्लायचे सांधे उकलतात. चार पायांचा पलंग असेल तर चार ते सहा इंचांचे लाकडी ठोकळे चालतात, पण पाय बसायला वर खाच पाडलेली हवी, विटेवरून सरकतो. तुम्हाला उतरती उशी बरी, वेज पिलो म्हणतात ती. ४० डेन्सिटीचा फोम घेऊन डोक्याकडे सात इंच आणि कंबरेकडे शून्य, असा तिरका कापून देतो मी.

बी २०३ (रात्री ११:०५):
आता माझं ऐक. मी हे गादीसाठी लिहीत नाहीये.

तुझ्या काकांचं पाच वर्षांपूर्वी असंच सुरू झालं. आम्ही आधी गादी बदलली. मग ती उतरती उशी आणली. बनियनच्या पाठीला कापडी खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला, म्हणजे उताणं होताना टोचेल आणि वळतील. आवाज खरंच कमी झाला. मला वाटलं, जमलं.

पण मधेच घोरणं एकदम बंद व्हायचं. सुरुवातीला मी त्या शांततेत झोपून घ्यायचे. एकदा जागी होते, समोर भिंतीवरचं घड्याळ, नाइट लॅम्पच्या उजेडात सेकंदकाटा दिसत होता. छाती हलतेय, पोट हलतंय, पण श्वास आत जात नाहीये. बावीस सेकंद. मग असा जोरात हुंदका देऊन श्वास आला, की मीच दचकले. पाच मिनिटांत परत तेच.

दिवसा ते ट्रेनमध्ये बसल्या बसल्या झोपायचे, एकदा कुर्ला ऐवजी थेट सीएसएमटीला उतरले. आम्ही म्हणायचो, वय झालं. बीपीची गोळी वाढवली तरी बीपी उतरत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी घरी एक रात्र तपासणी केली: बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी. तासाला ३४ वेळा श्वास अडकत होता. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात ह्या आजाराला, ३० च्या वर म्हणजे तीव्र. तेव्हापासून ते रात्री नाकाला हवेचं मशीन लावून झोपतात. गादी, उशी, चेंडू यांत आमचे चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांची रुखरुख मला अजून आहे. आवाज कमी झाला म्हणून मी निर्धास्त झाले होते ना.

म्हणून आज रात्री गादीचा विचार करू नकोस. जागी राहा आणि मोज.

बी ५०२:
काकू, ते नाकाला लावायचं मशीन आयुष्यभर वापरावं लागतं ना? नवीन फॅड वाटतं मला ते.

बी २०३:
फॅड नाही हो. १९८१ सालचं आहे, सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा मांडलं. हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवतं, एवढंच. पहिले दहा-बारा दिवस मास्कचा त्रास झाला, नाकावर वळ उठायचा. आता ते स्वतःच गावाला जाताना आधी ती बॅग भरतात.

ए ६०२:
मी नर्स आहे, काकू म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. दहा सेकंदांच्या वर श्वास थांबला तर तो मोजायचा. तासाला पाचच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मोबाइलवर रात्रीचं रेकॉर्डिंग करून ठेवा, दाखवायला उपयोगी पडतं. मानेचा घेर टेपने मोजा, ४० सेंटीमीटरच्या वर असेल तर शक्यता वाढते. झोपण्याआधी दारू नको, आणि झोप लागत नाही म्हणून कुणाची झोपेची गोळी तर अजिबात नको, दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. नाक चोंदत असेल तर जुन्या गादीतली धूळ हे कारण असू शकतं. चादरी आणि खोळी आठवड्याला कडक गरम पाण्यात, गादीला ऊन द्या. ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगते, लहान मूल रोज घोरत असेल तर कौतुक करू नका, टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) दाखवून घ्या.

सी १०१:
वहिनी, उशी उद्या सकाळी देतो. पैसे आत्ता नको, आधी तपासणी होऊ दे.

ए ३०४ (शनिवार, सकाळी ७:१५):
दोन रात्री जागले. उताण्या झोपेत सोळा, एकोणीस, एकदा चोवीस सेकंद. उतरत्या उशीवर कुशीला वळवलं की घोरणं निम्मं होतं, मुलगी काल सलग झोपली. पण अडकणं पूर्ण गेलं नाही, पहाटे दोनदा झालंच. मान ४२ भरली. ह्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी हसले, चोवीस सेकंदांची शांतता ऐकली आणि गप्पच झाले. स्वतः फोन करून गुरुवारची वेळ घेतली. गादी पिंजायला टाकतोय, ३८ हजार बाजूला ठेवलेत, मशीन लागलं तर त्याला होतील.

काकू, एक विचारू? ह्यांना मास्कची धास्ती वाटतेय.

बी २०३:
आज संध्याकाळी तुझ्या काकांना घेऊन वर येते. मशीनही आणते, लावून बघू देत. चहा ठेव.