मदत हवी आहे: ड्रोनच्या फेऱ्यांना कुठला कंट्रोल चार्ट (काम नेहमीच्या मर्यादांत चाललंय का हे दाखवणारा आलेख) लावू?

नमस्कार मंडळी. खानापूरहून जांबोटीकडे ड्रोननं औषधं पाठवायची आणि परतीला रक्ताचे नमुने आणायचे, असं आमचं काम आहे. उड्डाणाला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो जमिनीवर. बॅटरी बदला, डब्याचा पट्टा आवळा, वजन बघा, आणि पलीकडे उतरवून घ्यायला माणूसच नसतो! म्हणून डबा हातात आल्यापासून घड्याळ लावतो.

फेऱ्या कशानं अडतात याचा परेटो (कारणांचे मोठ्याकडून लहानाकडे लावलेले खांब) काढला तर सगळ्यात उंच खांब हवामानाचा. आता जांबोटी-कणकुंबीचा पाऊस कुणाच्या बापाच्या हातात आहे? पावसाळ्यातल्या फेऱ्या वेगळ्या काढाव्यात असं माझं मत, साहेबांना मात्र एकच आलेख हवा.

खरी अडचण अशी, की दिवसाला फेऱ्या मोजक्याच. रद्द फेऱ्यांना पी-चार्ट (एकूण फेऱ्यांत रद्द किती, या प्रमाणाचा आलेख) लावला की मर्यादा इतक्या रुंद येतात की काही म्हणता काही सापडत नाही. त्यापेक्षा दोन रद्द फेऱ्यांच्या मधे किती फेऱ्या नीट झाल्या हे मोजणारा जी-चार्ट चालेल का?

शिवाय पुढं बेळगावपर्यंत जायचंय. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगी लागते. तो थांबण्याचा वेळ याच चार्टात धरायचा की वेगळा? कुणी केलं असेल तर सांगा.