पूर निसर्गाचा, मग जाब कुणाला?

नदीकाठचा: काल इथं एका महाशयांनी लिहिलं, २०१९ चा सांगलीचा पूर निसर्गानं आणला, सरकारला जाब विचारणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही. डोकं फिरलं. पाऊस सरकारनं पाडला असं कोण म्हणतंय? कोयना धरण कधी किती भरू दिलं, विसर्ग, म्हणजे सोडायचं पाणी, कुणी ठरवला, कर्नाटकाशी काय बोलणं झालं, एवढंच विचारतोय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. दुसरी बोट का नव्हती, हे काय कृष्णामाईला विचारू? आणि मदतीचा तो सरकारी आदेश, तो जीआर! दोन दिवस पाण्यात राहा, मग दहा किलो गहू न्या.

रिटायर्ड_इरिगेशन: जीआर लाजिरवाणाच होता. पण धरण म्हणजे घरातला नळ नव्हे. जुलैत रिकामं ठेवलं आणि पुढं पावसानं दडी मारली, तर हेच आंदोलक पाण्यासाठी मोर्चा आणतील. पुराच्या अभ्यासाला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं स्पष्ट लिहिलंय, पूर खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं नाही. निळ्या पूररेषेत, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या नदीकाठच्या पट्ट्यात, घरं बांधणाऱ्यांना आधी विचारा.

गुंठेवारीतला: ओ साहेब, जरा सांभाळून. वडिलांनी गुंठा घेतला तेव्हा कुठली रेषा नि कुठलं काय! घरपट्टी घेतली, मीटर दिला, नळ दिला. दारात मत मागायला येतात तेव्हा आम्ही नागरिक, पाणी शिरलं की अतिक्रमण. आईचं पासबुक, माझी मार्कशीट, सगळ्याचा चिखल झाला. रेषेत परवानग्या कुणी दिल्या, ते तुमच्या समितीला विचारा की.

रिटायर्ड_इरिगेशन: स्वस्त मिळाला म्हणून घेतलात ना?

गुंठेवारीतला: मग महाग घ्यायला पगार तुम्ही देणार होता?

ऊसवाला_मिरज: दोघंही भरावावर बोलत नाही. पुलांना, हायवेला मातीचे भराव घातलेत, पाणी जाणार कुठून? आमच्या रानात पाणी आठवडाभर उभं, उसाच्या शेंड्यातही शिरलं.

नदीकाठचा: भाऊ, तुमचा भराव प्रत्येक धाग्यात येतो.

ऊसवाला_मिरज: पाणीपण प्रत्येक वेळी तिथंच तुंबतंय. २०२१ ला पुन्हा आलंच की.

नदीकाठचा: बरं, भरावही घेऊ. पण रिटायर्डसाहेब, अलमट्टीचा दोष नाही ना? मग तिची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायला आपलंच सरकार विरोध का करतंय?

रिटायर्ड_इरिगेशन: ते राजकारण.

गुंठेवारीतला: सोयीचं ते शास्त्र, गैरसोयीचं ते राजकारण. चालू द्या.

रिटायर्ड_इरिगेशन: ठीक आहे. विसर्गाचे तासातासाचे आकडे गावागावांत वेळेवर पोचायला हवे होते, परवानग्या देणाऱ्यांवरही कारवाई व्हायला हवी. झालं समाधान? पेढे वाटा.

नदीकाठचा: आमच्या निवेदनात हेच आहे. सही करा.

रिटायर्ड_इरिगेशन: अलमट्टीचं वाक्य काढा, करतो.

नदीकाठचा: नाही काढणार.