तुर्की मुलीच्या बालपणावरचे एकपात्री: तिला तुर्कीच ठेवावे की आपल्याकडे आणावे?

मांजराकाठची (अंबाजोगाई)

नमस्कार. गेले आठ महिने मी एका एकपात्री प्रयोगाची संहिता लिहीत आहे. प्रयोग साधारण पन्नास मिनिटांचा होईल. नायिका तुर्की आहे. काळ्या समुद्राकाठच्या झोंगुलदाक या कोळशाच्या गावातून तिचे वडील पश्चिम जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यात गेले. आधी खाणीत आणि नंतर पोलादाच्या कारखान्यात त्यांनी काम केले. काही वर्षांनी त्यांनी आईलाही बोलावून घेतले. मुलगी मात्र सात वर्षांची होईपर्यंत आजीजवळ राहिली आणि १९७४ मध्ये आईवडिलांकडे पोहोचली. स्थानकावर उतरल्यावर समोर उभ्या असलेल्या बाईला ती आई म्हणून ओळखत नाही, हा माझा पहिला प्रसंग आहे.

हा प्रसंग मी कुठून आणला, ते लपवण्यासारखे नाही. माझे बालपण शिरूर कासार तालुक्यात आजीजवळ गेले. दसरा झाला की आईवडील ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येत. एका वर्षी माझा धाकटा भाऊ आईला पाहून आजीच्या पदराआड लपला होता. आई रडली नाही. तिने डोक्यावरचे बोचके खाली ठेवले आणि ती चुलीपाशी गेली. तुर्की मुलांविषयी वाचताना मला तीच हालचाल दिसत राहिली.

माझी अडचण अशी की मित्रमंडळी म्हणतात, ही गोष्ट सरळ बीड जिल्ह्यात आण; इथल्या प्रेक्षकाला झोंगुलदाकशी काय देणेघेणे? तसे केले तर प्रयोग सोपा होईल, हे मलाही दिसते. पण मग तिची म्हणून जी गोष्ट आहे ती पुसली जाईल, अशी भीती वाटते. शिवाय घरी तुर्की आणि शाळेत जर्मन बोलणारी मुलगी एकट्या मराठीत कशी उभी करावी, हेही सुटलेले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

नेपथ्य (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तिला तुर्कीच ठेवा. आपल्या आठवणीतले साम्य खरे आहे, परंतु दोन्ही स्थलांतरांचा गाभा वेगळा आहे आणि नाट्य नेमके त्या वेगळेपणात आहे.

ऊसतोड कामगार दर वर्षी परत येतो. जर्मनीला गेलेला तुर्की कामगार परत येणार असे सगळ्यांनी धरून ठेवले होते, आणि तो आला नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, पूर्वेकडून येणारे मनुष्यबळ थांबले आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. सुरुवातीला मुक्कामाची मर्यादा दोन वर्षांची होती. शिकवून तयार केलेला माणूस परत पाठवून नवा आणणे कारखान्यांना परवडत नव्हते, म्हणून १९६४ मध्ये ती अट काढली गेली. नाव मात्र 'गास्टआर्बायटर' हेच राहिले, म्हणजे पाहुणा कामगार. पाहुणा म्हटले की त्याच्या जाण्याचा दिवस गृहीत धरलेलाच असतो. नोव्हेंबर १९७३ मध्ये भरती बंद झाली आणि एक विपरीत गोष्ट घडली: आता एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर लोक परतण्याऐवजी बायकामुलांना बोलावू लागले. आपली नायिका १९७४ मध्ये पोहोचते, ती या कारणामुळे पोहोचते. हे संहितेत आले नाही तर तिचे येणे केवळ योगायोग वाटेल.

म्हणून 'आपल्याला परत जायचे आहे' हे वाक्य त्या घराचे छप्पर आहे असे समजून लिहावे. चांगले कपाट घ्यायचे नाही, कारण परत जायचे आहे. जर्मन नीट शिकायची गरज नाही, कारण परत जायचे आहे. पैसे साठवून तिकडे घर बांधायचे आणि इकडे दोन खोल्यांत राहायचे. बव्हेरियासारख्या राज्यात तर मुलांना परतणे सोपे जावे म्हणून तुर्की भाषेतील वेगळे वर्ग चालवले जात. मोठ्यांचे हे तात्पुरतेपण मुलीच्या वाट्याला संपूर्ण बालपण म्हणून येते.

बालाघाटी (पाटोदा)

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. नेपथ्य सरांचे मुद्दे नाट्यगृहात बसणाऱ्यांसाठी योग्य आहेत. आमच्याकडे प्रयोग शाळेच्या पटांगणात होतो आणि पुढच्या रांगेत ज्या बाया बसतात त्यांच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे असतात. त्यांना कराराची तारीख नको, आत शिरायला दार हवे.

ते दार आपल्याजवळ आहे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादम कोयत्यावर उचल देतो. माणूस हत्याराच्या नावाने मोजला जाणे म्हणजे काय, हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात जर्मन डॉक्टर कामगारांना अंतर्वस्त्रांवर रांगेत उभे करून दात, रक्त, लघवी तपासत असत. हा प्रसंग आपण दाखवला आणि त्यावर एकही टिप्पणी केली नाही, तरी आमच्या बाया तो पुरता ओळखतील. एवढे करूनही नायिकेला बीडमध्ये आणावे असे मी म्हणणार नाही. फक्त कथन करणारी बाई आपल्यातली असावी, 'मी एका मुलीची गोष्ट ऐकली' अशी सुरुवात करणारी.

ऱ्हाइनकाठचा लातूरकर (कोलोन)

मी मूळचा लातूरचा, नऊ वर्षे इथे राहतो. शेजारी तुर्की कुटुंबे आहेत, त्यामुळे भाषेच्या प्रश्नावर थोडे अनुभवाने लिहितो.

तुर्की भाषेत लिंगभेद नाही. तो, ती, ते या तिन्हींसाठी 'ओ' एवढे एकच सर्वनाम आहे. जर्मनमध्ये मात्र प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग असते, आणि नेमकी हीच सोय मराठीत आहे. इंग्रजीत किंवा हिंदीत हा प्रयोग करणाऱ्याला जे साधणार नाही ते आपल्याला सहज साधेल. आई जर्मन बोलते तेव्हा तिच्या तोंडी 'तो खुर्ची', 'ती दरवाजा' अशी मराठी द्यावी, आणि कार्यालयातल्या खिडकीपुढे आठ वर्षांच्या मुलीने तिला हळूच दुरुस्त करावे. प्रेक्षक आधी हसेल. दुसऱ्यांदा मुलगी दुरुस्त करील तेव्हा आईचा चेहरा दाखवावा. हसू तिथे आपोआप थांबेल. आईवडिलांची कागदपत्रे वाचणे, डॉक्टरांचे बोलणे त्यांना सांगणे, हे काम त्या पिढीतल्या कितीतरी मुलींनी केले, आणि आईच्या आजाराची बातमी आधी स्वतः कळून घेऊन मग ती आईला सांगणे हा त्यातला सर्वांत जड भाग होता. आणखी एक बारकावा: जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. आपल्याकडे 'लेकरू' आहे तसाच. नायिकेला शाळेत कळते की या भाषेत आपण 'ते' आहोत, यावर एक छोटे स्वगत होऊ शकते.

घरातली तुर्की आपल्या कानाला अगदी परकी नाही. साबणाला तिकडे 'साबुन', हवेला 'हावा', कपड्यांच्या गाठोड्याला 'बोहचा' म्हणतात. आपण वर आईचे बोचके लिहिले आहे, ते वाचताना मी थबकलो. परमुलखातल्या राहण्याला 'गुर्बेत' असा शब्द आहे, आणि मुलीला सुटीत गावी गेल्यावर 'आल्मान्जी' म्हणतात, म्हणजे जर्मनीवाली. इकडे परदेशी आणि तिकडे जर्मनीवाली, हे दोन्ही एकाच उन्हाळ्यात ऐकावे लागते.

शेवटाकडे १९८३ चा कायदा जरूर वापरावा. कारखाना बंद पडला किंवा कामाचे तास कमी झाले असतील, तर कुटुंबासह कायमचे परत जाणाऱ्या कामगाराला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देऊ केले होते. तीन भावंडे असतील तर एकूण १५,००० मार्क होतात. वडिलांना हिशेब येत नाही असे नाही, पण अर्ज जर्मन भाषेत आहे, म्हणून तो मुलगी वाचते. आपली किंमत १,५०० मार्क आहे, हे तिनेच मोठ्याने वाचून बापाला सांगायचे आहे.

एक गोष्ट दुरुस्त करण्यासारखी वाटते. नेहमी वडील आधी गेले असेच दाखवले जाते. प्रत्यक्षात अनेक तुर्की स्त्रिया एकट्या, नवऱ्याच्या आधी गेल्या आणि बर्लिनमधल्या विद्युत उपकरणांच्या कारखान्यांत राबल्या. आपल्या आईला तसे करून पाहावे.

नेपथ्य (छत्रपती संभाजीनगर)

लातूरकरांची लिंगाची युक्ती उत्तम आहे. घरच्या तुर्कीसाठी मराठवाडी बोली आणि जर्मनसाठी प्रमाण मराठी, असा मोह आता ताईंना होईल. तिथे सावध राहावे. 'काय करलालीस' म्हणणारी ती मागासलेली आणि 'काय करीत आहेस' म्हणणारी ती पुढारलेली, ही वाटणी आपल्याच प्रेक्षकाला आधीच पुष्कळ सोसावी लागली आहे. बोली वापरायचीच असेल तर नायिकेचे सर्वांत सूक्ष्म विचार बोलीतून यावेत आणि प्रमाण मराठी केवळ अर्ज, आदेश, सूचना यांपुरती राहावी.

बालाघाटींचा निवेदिकेचा विचारही मला आता पटतो. एकट्याने बावन्न पात्रे उभी करणारे लक्ष्मण देशपांडे याच शहरातले आणि भारुड रचणारे एकनाथ पैठणचे, त्यामुळे एका अंगात अनेक माणसे पाहण्याची सवय आपल्या प्रेक्षकाला आहे. तुर्कस्तानातही 'मेद्दाह' नावाचा एकटा कथेकरी असतो. त्याच्याजवळ एक काठी आणि एक रुमाल, त्यांवर तो सगळी पात्रे रंगवतो. काठी नसली तरी चालेल, पण कापड घ्या. त्याच कापडाचे बोचके, आजीचा पदर, आईचा डोक्याचा रुमाल आणि कार्यालयाच्या खिडकीचा पडदा होऊ द्या.

मांजराकाठची (अंबाजोगाई)

सर्वांचे मनापासून आभार. नायिका तुर्कीच राहील, हे ठरले. निवेदिका इथली असेल, पण ती स्वतःची कहाणी सांगणार नाही. फक्त सुरुवातीला बोचके सोडील. आईला आधी पाठवून पाहिले आणि पहिला प्रसंगच बदलला: आता स्थानकावर मुलगी वडिलांचा हात धरून उतरते, आणि दोघांनाही समोरची बाई ओळखू येत नाही. अर्जाचा प्रसंग काल रात्री लिहिला. 'प्रत्येक मुलामागे' या शब्दांपाशी ती थांबते आणि पुढचा आकडा वडील स्वतः वाचतात, असे झाले आहे. ते तसेच ठेवावे असे वाटते. पहिले वाचन फडावरची मंडळी गावी परतल्यावर, अक्षय तृतीयेच्या सुमारास, आमच्या गावच्या शाळेत करीन. आईही तेव्हा समोर असेल.