पन्नास लाख किलोमीटर जातात कुठे? (ऋतूंबद्दल एक शंका)

शंकासुर

आधीच सांगतो, पृथ्वीची आस कललेली आहे म्हणून ऋतू होतात हे मला माहीत आहे. ते चित्रही पाठ आहे: मधे सूर्य, चार बाजूंना चार पृथ्व्या, चौघींची मान एकाच दिशेला वाकडी. तेव्हा कृपया नुसतं "२३.५ अंश" लिहून कोणी पळू नका.

माझं घोडं अडलंय ते अंतरापाशी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, साधारण १४ कोटी ७१ लाख किमीवर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत लांब, १५ कोटी २१ लाखांवर. फरक ५० लाख किमीचा. आपण आणि चंद्र यांच्यातल्या अंतराच्या तेरापट! आणि विचारलं की उत्तर काय मिळतं, तर "अंतराचा ऋतूंशी काही संबंध नाही". उत्तर गोलार्धात ऐन जानेवारीत थंडी असते, त्यामुळे अंतर हे मुख्य कारण नाही हे मान्य. पण मुख्य नाही म्हणजे शून्य कसं? जवळ गेल्यावर जास्त ऊन मिळायलाच हवं. मग ते जास्तीचं ऊन कुणाच्या खात्यात जमा होतं?

दुसरी शंका छोटी आहे. कललेला गोलार्ध सूर्याच्या "जवळ" येतो म्हणून तापतो, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. खरं का?

मध्यान्ह

दुसरीचं उत्तर आधी: नाही. अख्ख्या पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किमीच्याही आत. कलण्यामुळे एखादी जागा जवळ येऊन येऊन येणार किती, फार तर काही हजार किमी. ५० लाखांनी जिथे ऋतू उलटत नाहीत तिथे या हजारांना कोण विचारतो! आणि "कलतो" या शब्दामुळे आणखी एक घोटाळा होतो. आस वर्षभरात इकडून तिकडे डोलत नाही. ती बाराही महिने ध्रुवताऱ्याच्याच रोखाने असते, बदलते ती फक्त सूर्याची बाजू.

पहिल्या शंकेसाठी पॅनलवाल्यांना हाक मारतो.

पॅनलवाला

आलो. माझं काम सौर पॅनल बसवण्याचं, त्यामुळे ऊन मला वॅटमध्येच दिसतं.

तुमच्या ५० लाख किमीचा हिशोब असा. वातावरणाच्या वर, सूर्याकडे सरळ तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने १३६१ वॅट पडतात. जानेवारीच्या सुरुवातीला हा आकडा १४०७ च्या आसपास जातो, जुलैच्या सुरुवातीला १३१७ च्या आसपास उतरतो. जवळजवळ ७ टक्के फरक. तेव्हा शून्य नाही हे तुमचं बरोबर आहे, आणि "काही संबंध नाही" म्हणणारे आळशी आहेत.

आता कलाचा हिशोब. ४० अंश उत्तर अक्षांश घ्या. जूनच्या अयनदिनी (वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी) दुपारी सूर्य क्षितिजापासून ७३ अंश वर असतो आणि दिवस सुमारे १५ तासांचा. डिसेंबरच्या अयनदिनी (सर्वांत लहान दिवशी) भर दुपारी तो जेमतेम साडेसव्वीस अंशांवर, दिवस सव्वानऊ तासांच्या आसपास. पॅनल जमिनीला समांतर ठेवलं तर सूर्य जितका खाली तितकं तेच ऊन जास्त जागेत पसरतं, म्हणजे वाट्याला कमी येतं. वर तासही कमी. दोन्ही धरून जूनच्या एका दिवसाची ऊर्जा डिसेंबरच्या दिवसाच्या तिपटीहून जास्त भरते, आणि यात अंतराचा तोटा वजा केलेला आहे. वातावरण अजून धरलेलंच नाही. तिरप्या उन्हाला हवेचा जास्त जाड थर ओलांडावा लागतो, त्यामुळे जमिनीवर तफावत आणखी वाढते.

एका बाजूला ७ टक्के, दुसऱ्या बाजूला तिप्पट. म्हणून ऋतू कलाचे. लोक नेहमी कोनाबद्दलच बोलतात आणि दिवसाच्या लांबीला विसरतात, याचा मला राग येतो. जसजसं ध्रुवाकडे जावं तसतसं पारडं दिवसाच्या लांबीकडे झुकत जातं.

आता ते जास्तीचं ऊन. केप्लरचा दुसरा नियम आठवा: सूर्याजवळ असताना ग्रह वेगाने पळतो. पृथ्वी जानेवारीत सेकंदाला ३०.३ किमी जाते, जुलैत २९.३ किमी. त्यामुळे मार्चच्या संपातापासून (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसापासून) सप्टेंबरच्या संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तिथून परत मार्चपर्यंत फक्त १७९. यातली खरी मेख पुढेच आहे. अंतर कमी झाल्यावर ऊन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतं, आणि सूर्याभोवतीचा कोन कापायचा वेगही अगदी त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून कक्षेतला प्रत्येक अंश पार करताना पृथ्वीला मिळणारी ऊर्जा सारखीच! जवळ असताना ऊन जास्त पण मुक्काम कमी. वर्षअखेर दोन्ही गोलार्धांच्या खात्यात बेरीज सारखी. दक्षिणेचा उन्हाळा प्रखर पण आखूड, उत्तरेचा मवाळ पण लांबलेला.

शंकासुर

वा! हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पण सुटका नाही, आणखी दोन प्रश्न.

एक, दक्षिणेचा उन्हाळा प्रखर, तर तिथे उत्तरेपेक्षा जास्त उकडायला हवं.

दोन, दिवसाची लांबी इतकी महत्त्वाची, तर जूनमध्ये उत्तर ध्रुवावर चोवीस तास ऊन. मग तिथे भट्टी का पेटत नाही?

पॅनलवाला

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. जूनच्या अयनदिनी उत्तर ध्रुवावर, वातावरणाच्या वर, दिवसभरात विषुववृत्तापेक्षा खरोखरच जास्त ऊर्जा पडते. थोडीथोडकी नाही, सुमारे ३६ टक्के जास्त. विषुववृत्तावर दुपारी सूर्य ६६.५ अंशांपर्यंत चढतो खरा, पण बारा तासांनी मावळतो. ध्रुवावर तो २३.४ अंशांवरच फिरत राहतो, पण चोवीस तास. गुणाकार करून बघा.

तरी भट्टी नाही, कारण ती ऊर्जा जमिनीत उतरतच नाही. तिरपं ऊन हवेत बरंच खर्ची पडतं, खाली बर्फ असतो आणि तो आलेल्यापैकी मोठा भाग परत आकाशात भिरकावतो. उरतं ते बर्फ वितळवण्यात जातं, आणि वितळत असताना बर्फाचं तापमान शून्यावरच अडकून राहतं. मागे सहा महिन्यांचा अंधार झालेला असतो हेही धरा.

पहिला प्रश्न मध्यान्हरावांनी घ्यावा, पाणी हा त्यांचा प्रांत.

मध्यान्ह

घेतो. दक्षिण गोलार्धाचा सुमारे ८१ टक्के पृष्ठभाग पाण्याचा आहे, उत्तरेचा ६१ टक्के. पाणी तापायला फार ऊर्जा खातं, शिवाय ढवळलं जाऊन ती खोलवर नेतं. म्हणून दक्षिणेला मिळालेले जादा टक्के समुद्र गिळून टाकतो. याचा परिणाम बघा: संपूर्ण पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळचं सरासरी तापमान जुलैत, म्हणजे आपण सूर्यापासून सर्वांत लांब असताना, जानेवारीपेक्षा जास्त असतं! कारण तेव्हा उत्तरेची जमीन तापलेली असते.

सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये असूनही मध्य अक्षांशांवर उकाड्याचा कळस जुलैत किंवा ऑगस्टमध्ये का, याचंही कारण हेच. जोवर येणारी ऊर्जा बाहेर जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त आहे तोवर पारा चढतच राहणार. मोसमी पावसाच्या प्रदेशात मात्र ढग आधीच येऊन हा हिशोब मोडतात.

लालमाती

उशिरा आलो, पण मंगळ राहिलाच की! त्याचा कल २५.२ अंश, जवळजवळ आपल्याइतका. पण कक्षा बरीच लंबवर्तुळाकार. सूर्यापासून सर्वांत जवळ असताना त्याला सर्वांत लांब असतानापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त ऊन मिळतं. ऊन पोटात घ्यायला समुद्रही नाहीत. त्यामुळे शंकासुरांना हवा तसा अंतराचा परिणाम तिथे डोळ्यांनी दिसतो. दक्षिणेचा उन्हाळा छोटा आणि कडक, १५४ मंगळ-दिवसांचा. उत्तरेचा १७८ दिवसांचा. मोठाली धुळीची वादळं उठतात तीही बहुतेक दक्षिणेच्या वसंतात नि उन्हाळ्यात. पृथ्वीची कक्षा वर्तुळाच्या इतकी जवळ आहे म्हणून आपल्याकडे अंतर दबून गेलंय.

शंकासुर

म्हणजे मी मंगळावर बरोबर ठरलो असतो. :)

शेवटचं विचारतो. जवळ असणं जानेवारीतच येतं, हा निव्वळ योगायोग का?

पॅनलवाला

योगायोगच, आणि तोही टिकणारा नाही. आसेची दिशा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी मारते आणि कक्षासुद्धा हळूहळू वळते. दोन्ही मिळून उपसूर्याची, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असण्याची तारीख साधारण ५८ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. तेराव्या शतकात ती डिसेंबरच्या अयनदिनाशी जुळत होती. अजून दहा हजार वर्षांनी ती जूनमध्ये असेल. तेव्हा प्रखर आणि आखूड उन्हाळा उत्तरेच्या वाट्याला येईल, तोही समुद्राच्या नाही, जमिनीच्या गोलार्धात. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी नेमकं असंच होतं, आणि त्यानंतरची काही हजार वर्षं सहारात तळी नि गवताळ रानं होती. उत्तरेच्या तापलेल्या जमिनीने मोसमी वारे आणखी आतवर ओढले होते.