शब्दचर्चा: संगणक झोपवावा, निजवावा की निलंबित करावा?

तळटीप

एका ग्रामीण शाळेच्या संगणक कक्षासाठी मी मराठी पुस्तिका लिहीत आहे. रात्री संगणकांनी नाममात्र वीज घेत पडून राहावे, पहाटे चार वाजता आपापले उठावे आणि शाळा भरण्यापूर्वी अपडेट उतरवून घ्यावेत, ही व्यवस्था शिक्षकांना स्वतः लावता यावी, एवढाच तिचा हेतू आहे. ‘स्लीप’साठी मी ‘झोपवणे’ आणि पहाटेच्या वेळेसाठी ‘गजर लावणे’ असे लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्या गृहस्थांनी पहिला शब्द बालिश ठरवून तेथे ‘निलंबित करणे’ घातले आणि दुसऱ्याच्या जागी ‘स्वयंजागृती कालनियोजन’ असे लिहून दिले. जाणकारांचे मत हवे आहे.

सेवानिवृत्त कारकून

निलंबनाच्या नस्त्या हाताळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून सांगतो. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांत निलंबन आहे ते चौकशी चालू असलेल्या किंवा व्हायच्या असलेल्या कर्मचाऱ्याचे. बिचाऱ्या संगणकाने असा कोणता अपहार केला आहे? तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. निलंबित माणसाला काम नसते, पण निर्वाहभत्ता चालू राहतो, आणि झोपलेल्या संगणकालाही थोडी वीज मिळत राहते असे ऐकतो. त्या अर्थाने तपासनीसांचा शब्द अगदीच वाया गेलेला नाही.

सोल्डरगन

कारकूनसाहेबांनी थट्टेत नेमके वर्म सांगितले. ‘स्लीप’मध्ये प्रोसेसर थांबतो, पडदा विझतो, पण रॅमला (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीला) वीज लागतेच, कारण उघडी कामे तेथेच असतात. ‘हायबरनेट’मध्ये रॅममधील सगळा मजकूर डिस्कवर उतरवला जातो (विंडोजमध्ये ‘हायबरफिल.सिस’ नावाची भलीमोठी फाइल दिसते ती हीच) आणि त्यानंतर वीज पूर्ण गेली तरी काम सुरक्षित राहते. भारनियमनाच्या गावात हा भेद शब्दातच दिसला पाहिजे. शिक्षकांनी संगणक ‘झोपवला’ आणि शिपायाने जाता जाता मेन स्विच पाडला, तर न साठवलेले काम गेलेच म्हणून समजा.

शुद्धमती

निद्रा आणि शीतनिद्रा हे सिद्ध शब्द हाताशी असताना वाद कशाला, हे मला उमगत नाही. जागे होण्यासाठी ‘प्रबोधन’ घ्यावे. आषाढ शुद्ध एकादशी शयनी आणि कार्तिक शुद्ध एकादशी प्रबोधिनी, म्हणजे झोपण्याची व उठण्याची तिथी आधीच नेमून ठेवण्याची कल्पना आपल्या पंचांगात केव्हापासून आहे. मध्ये अधिकमास आला की हा मुक्काम पाच महिन्यांचा होतो, जसा 2023 साली अधिक श्रावणामुळे झाला. इतकी नेटकी जोडी सोडून ‘गजर’ कशाला?

देवगडकर

शुद्धमती, ‘प्रबोधनाची वेळ पहाटे चार’ असे छापले, तर शाळेत व्याख्यानमाला आहे असे समजून पालक येतील. प्रबोधन म्हटले की आज लोकांना प्रबोधनकार ठाकरे आठवतात, एकादशी नव्हे. शीतनिद्रेचेही तेच. आमच्याकडचे बेडूक उन्हाळ्यात जमिनीत गाडून घेतात, थंडीत नव्हे, आणि त्याला पाठ्यपुस्तकात ग्रीष्मनिद्रा म्हणतात. ‘शीत’ हा भाग आमच्या मुलांना काहीच सांगत नाही.

माझा आग्रह ‘निजणे’ या क्रियापदासाठी आहे. आमच्या घरी निजणे आणि झोप लागणे या वेगळ्या गोष्टी होत्या. आजी दुपारी माजघरात डोळे मिटून आडवी असे; झोपलीस का, असे विचारले तर तशीच पडल्या पडल्या म्हणे, “निजलंय रे, झोप खंय लागता?” तेव्हा ‘स्लीप’ म्हणजे निजणे आणि ‘हायबरनेट’ म्हणजे गाढ झोप, अशी वाटणी केली तर सोल्डरगन यांचा भेद दोन घरगुती शब्दांत बसतो.

शुद्धमती

घाटावर निजणे आणि झोपणे यांत असा भेद कोणी करत नाही. एका घरातील बोली म्हणजे प्रमाणभाषा नव्हे.

सोल्डरगन

‘गजर’ मात्र काढू नका. मदरबोर्डवर (संगणकाच्या मुख्य पाटीवर) एक स्वतंत्र घड्याळ असते; त्याला ‘रिअल टाइम क्लॉक’, थोडक्यात ‘आरटीसी’ म्हणतात. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतो, म्हणून ती निवडली आहे. या घड्याळात उठण्याची वेळ खरोखरच भरून ठेवता येते आणि बायोसच्या (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) यादीत तिला ‘आरटीसी अलार्म’ असेच म्हणतात. तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी ते घड्याळ चालू ठेवते, पण संगणकाला उठवण्याचे बळ तिच्यात नसते; त्यासाठी पॉवर सप्लायला वीज लागते. मेन स्विच बंद असेल तर गजराची वेळ येऊन जाते आणि संगणक ढिम्म राहतो.

आणखी एक खोच पुस्तिकेत अवश्य लिहा. लिनक्स ही कार्यप्रणाली मदरबोर्डवरच्या घड्याळात सहसा ग्रिनिचची वेळ ठेवते, तर विंडोज स्थानिक. एका यंत्रावर मी बायोसमध्ये सकाळी सहाचा गजर भरला आणि ते साडेअकराला उठले. मधले साडेपाच तास कोठे गेले, ते भारतात राहणाऱ्याला सांगायला नको.

शुद्धमती

गजर हा शब्द ‘गर्जना’वरून आलेला आहे, हे उघड आहे. हे यंत्र गर्जत नाही, मुकाट उठते. मग गजर कसला?

सेवानिवृत्त कारकून

ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध झाली असे नव्हे. याच न्यायाने ‘झोपडी’ ही ‘झोपे’वरून आली असे सांगणारेही भेटतात. शिवाय मोबाइल नुसता थरथरत असला तरी आपण गजर लावला असेच म्हणतो.

तळटीप

मजकूर छपाईला द्यायचा आहे. ‘संगणक जागवणे’ चालेल का, एवढे तरी कोणी सांगावे.

देवगडकर

चालणार नाही. जागवतात ती रात्र किंवा आठवणी. झोपलेल्याला जागे करतात, नाहीतर उठवतात.

शुद्धमती

‘उठवणे’ तर मुळीच नको. वस्ती उठवतात, बाजार उठवतात. शासकीय पुस्तिकेत हा शब्द शोभणार नाही.

सेवानिवृत्त कारकून

पुस्तिका शासकीय आहे असे तळटीप यांनी कोठे म्हटले आहे? आणि म्हटले असते तरी, आमच्या कार्यालयात स्थगिती उठवण्याचे आदेश मी स्वतः टंकित केलेले आहेत.