संस्थापक सर थांबत आहेत. पुढचा संचालक त्यांनीच नेमावा का?

मंद्रसप्तक
आमचा हौशी समूहगान गट आहे, मुंबईच्या उपनगरातला. नोकरदार, गृहिणी, पेन्शनर आणि अधूनमधून उगवणारी कॉलेजची पोरं. ज्यांनी गट उभा केला ते सर दिवाळीनंतर थांबणार आहेत. गुडघे आणि कान दोन्ही कुरकुरतात, असं तेच म्हणतात. वारस सरांनीच कोजागरीच्या कार्यक्रमात जाहीर करावा, असा कार्यकारिणीचा कल दिसतो. मला हे पटत नाही.

गट सरांच्या गळ्याभोवती बसलाय. निम्म्याहून अधिक गाणी काळी एकच्या पट्टीत, म्हणजे गाण्याचा 'सा' तिथे धरून, कारण तिथे त्यांचा आवाज खुलतो. अंतरा तार सप्तकात गेला की बायकांची ओढाताण होते. मग त्या खालून गातात, म्हणजे ऐकूच येत नाहीत. वेगळ्या पट्टीत बसवून किंवा पुरुष आणि बायकांसाठी दोन सुरावटी लिहून हे सुटलं असतं, पण सरांच्या वहीला हात कोण लावणार? त्यांनी नेमलेला माणूस तर नक्कीच लावणार नाही.

माझं म्हणणं असं: इच्छुकांनी एकेक नवं गाणं बसवून दाखवावं आणि गाणाऱ्यांनी गुप्त मतदान करावं. बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मन वाद्यवृंदाचे वादक आपला प्रमुख कंडक्टर, म्हणजे संचालक, स्वतः निवडतात. कारायान 1955 ते 1989 तिथे कंडक्टर होते. ते गेल्यावर अब्बाडोंना वादकांनीच मतं देऊन आणलं.

तंबोरा_जुळेना
बर्लिनचे वादक कसून परीक्षा देऊन आत आलेले, पगारी, आयुष्य त्यात घातलेले. त्यांनाही 2015 च्या मे महिन्यात अकरा तास बसून नवा कंडक्टर कोण याचा निर्णय घेता आला नव्हता. पेट्रेंकोंचं नाव ठरायला जून उजाडला. आपल्याकडे मतदान म्हणजे दोन पार्ट्या पडणार. हरलेली पार्टी पुढच्या मंगळवारी "घरी पाहुणे आलेत" म्हणून येणार नाही, आणि त्यात नेमके तुमचे दोन टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष, असणार.

उदाहरण हवं तर मुंबईचंच घ्या. व्हिक्टर परांज्योती 1967 मध्ये गेले तेव्हा त्यांनी उभा केलेला परांज्योती अकादमी कोरस हा समूहगान गट कूमी वाडिया यांनी हातात घेतला आणि कित्येक दशकं सांभाळला. त्या त्याच गटात तयार झालेल्या होत्या. कोण तयार झालंय हे शिकवणाऱ्याला जितकं कळतं तितकं तिसऱ्या रांगेतल्या माणसाला कळत नाही.

मंद्रसप्तक
परांज्योती हयात नव्हते, हाच तर फरक आहे. पुढे आलेल्या माणसाला हात मोकळा मिळाला. आमचे सर पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसणार, आणि त्यांनीच नेमलेला संचालक दर समेला त्यांच्या तोंडाकडे बघणार. मेघालयातल्या शिलाँग चेंबर क्वायर या समूहगान गटाचंही तसंच. त्याचे संस्थापक नील नाँगकिनरिह 2022 च्या जानेवारीत अचानक गेले, तरी मुलं पुढे गात राहिली. संस्थापक समोर असताना दुसऱ्याच्या हातात गट गेलाय आणि तो नीट चाललाय, असं एक उदाहरण द्या.

फडावरचा
वारकरी फडांत गादी पुष्कळ ठिकाणी घराण्यात चालते. शिष्यांचं मतदान वगैरे काही नसतं. तरी दिंड्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या आहेत. का? अभंगाची चाल, भजनाचा क्रम, कोण कुठे उभं राहायचं, हे सगळं ठरलेलं असतं. माणूस बदलला तरी भजन तेच राहतं. तुमच्या गटात ठरलेलं काय आहे? सरांची आवडनिवड? मग नेमणूक करा की मतदान, दोन वर्षांत गट मोडणार.

तंबोरा_जुळेना
फड आणि हौशी गट यांची तुलना नको. तिथे श्रद्धा आहे, इथे मंगळवारी संध्याकाळी साडेसातला ठाणे लोकल पकडून यायचंय.

ट्रस्टचं_बाड
वाद रंगलाय, पण कागदांचं कुणीच बोलत नाही.

गट नोंदणीकृत आहे का? सर नुसते संचालक आहेत की अध्यक्षही? विश्वस्त असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, द्यावा लागतो, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे. पुष्कळ संस्थांचा हा रिपोर्ट वर्षानुवर्षं जात नाही. मग बँकेत सहीचा माणूस बदलताना सगळे धावाधाव करतात. सर धडधाकट आहेत तोवर सह्या उरकून घ्या.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सरांनी बसवलेल्या सुरावटी कुणाच्या? गटाच्या नाहीत, सरांच्या. लेखी करार आणि सही असल्याशिवाय कॉपीराइट दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही उद्या दुबईच्या महाराष्ट्र मंडळात गायला जाल तेव्हा हे आठवेल. आज सर "घ्या रे, तुमचंच आहे" म्हणतील आणि मनापासून म्हणतील. पण हक्क त्यांच्यानंतरही 60 वर्षं टिकतात. तेव्हा गाठ पडणार ती वारसांशी, आणि वारस गात नाहीत. मूळ गीतकार-संगीतकारांच्या परवानग्या वेगळ्याच.

एका गटात मी हे जवळून पाहिलंय. वह्या कपाटात होत्या आणि किल्ली कुणी देईना.

अल्टोवाली
मी अशाच एका गटात गाते, म्हणून राहवत नाही. तुम्ही सगळे संचालकाची काठी कोण धरणार यावर भांडताय. हॉलचं भाडं कोण भरतं? गैरहजर माणसाला फोन कोण करतं? नव्या गाण्याच्या झेरॉक्स, साड्यांचे रंग, तबलजीचं मानधन, कुणाच्या सासूबाई आजारी आहेत म्हणून सोलो कुणाला द्यायचा नाही, हे कोण बघतं? आमच्याकडे सरांच्या बायको, आमच्या काकू बघायच्या. सर थांबले त्याच दिवशी काकूही थांबल्या. निरोपाच्या भाषणात त्यांना "भक्कम पाठिंबा" असे दोन शब्द मिळाले. संचालक तीन महिन्यांत मिळाला. काकूंचं काम करणारं माणूस अजून सापडलेलं नाही.

आणि मंद्रसप्तक, पट्टीचा मुद्दा मांडल्याबद्दल धन्यवाद. पण तो सर जायची वाट न बघता आत्ताच बोला ना.

मंद्रसप्तक
काकूंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडेही काकूच आहेत आणि धागा काढताना मी त्यांचं नाव घेतलं नाही. कार्यकारिणीत व्यवस्थापक वेगळा असावा असा ठराव टाकतो. सुरावटींचंही लिहून घेऊ.

मतदान नको असेल तर राहू द्या, सर दोन नावं सुचवू देत. पण एक अट सोडणार नाही: पहिलं वर्षभर सरांनी तालमीला यायचं नाही.

तंबोरा_जुळेना
ही कसली अट? त्यांच्याच घरच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं तालमी झाल्या आणि आता त्यांनाच दार बंद? गाणं सुटलं की अशी माणसं खचतात, मी पाहिलंय. आणि सरांना विचारलंत का?

मंद्रसप्तक
विचारलं. म्हणाले, "काठी सोडतो रे, गाणं कशाला सोडू? बासला, खालच्या आवाजात, माणूस कमी आहे, मी मागे उभा राहीन."

फडावरचा
मग संपलंच. नवा संचालक चुकला की मागून खाकरणं येणार.

अल्टोवाली
खाकरू देत. बासला माणूस खरंच कमी असतो. फक्त पट्टी त्यांना ठरवू देऊ नका.