वादविवाद स्पर्धेतील भाषणासाठी टिपणे किती आणि कशी काढावीत?

प्रश्न

ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीच्या वादविवाद स्पर्धांत (प्रस्तावाच्या बाजूने दोन व विरोधात दोन असे दोघा-दोघांचे चार संघ, एकूण आठ वक्ते) मी अलीकडेच भाग घेऊ लागलो आहे. प्रस्ताव जाहीर झाल्यावर तयारीला १५ मिनिटे मिळतात आणि भाषण ७ मिनिटांचे असते. या १५ मिनिटांत कागदावर नेमके काय उतरवावे, हे मला ठरवता येत नाही. पूर्ण वाक्ये लिहून नेली तर नजर कागदावर खिळून राहते आणि आवाज सपाट होतो. केवळ मुद्द्यांची नावे लिहून नेली तर मुद्दा आठवतो, परंतु तो सिद्ध कसा करायचा होता हे ऐनवेळी सुचत नाही. शिवाय समोरच्या बाजूचे बोलणे ऐकता ऐकता त्याच कागदावर उत्तरे लिहिली की स्वतःचे भाषण त्या गर्दीत शोधावे लागते. अनुभवी मंडळी टिपणे कशी काढतात आणि बोलताना ती कशी वापरतात, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

प्रथम वेळेचा हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला सुमारे १२० शब्द या बेताच्या गतीने बोलले तरी ७ मिनिटांचे भाषण ८०० शब्दांच्या पुढे जाते. हाताने लिहिताना मिनिटाला २० शब्द धरले, तर १५ मिनिटे मान वर न करता लिहूनही ३०० शब्दच होतील. आणि त्यातला निम्मा वेळ तर सहकाऱ्याशी बोलण्यात जायला हवा. म्हणजे पूर्ण भाषण लिहून काढणे शक्यच नाही. जे शे-दीडशे शब्द लिहिता येतील ते कोणते असावेत, एवढेच ठरवायचे उरते.

माझ्या मते त्यांतला मोठा वाटा युक्तिवादाच्या साखळीला द्यावा. प्रस्ताव 'मतदान सक्तीचे करावे' असा आहे असे समजू. नवे वक्ते कागदावर 'लोकशाही बळकट होते' असे लिहून ठेवतात. हे झाले शीर्षक, आणि शीर्षक सहसा कोणी विसरत नाही. विसरला जातो तो मधला कार्यकारणभाव. म्हणून ओळ अशी लिहावी: 'गरीब, तरुण कमी मतदान करतात → पक्षांना त्यांची गरज नाही → सक्ती → सगळेच मतदार → जाहीरनाम्यात त्यांचेही प्रश्न'. यातील प्रत्येक बाणापाशी परीक्षकाच्या मनात 'का?' असा प्रश्न उभा राहतो. तयारी करतानाच प्रत्येक बाणावर बोट ठेवून सहकाऱ्याला तो प्रश्न विचारायला सांगावे, आणि जिथे उत्तर अडखळते तिथे, त्या बाणाखाली, आणखी दोन-चार शब्द लिहावेत. जिथे उत्तर सहज येते तिथे काही लिहू नये. अशा रीतीने शब्द नेमके तिथेच खर्च होतात जिथे स्मरणशक्ती दगा देण्याची शक्यता असते.

आकडे आणि वर्षे मात्र कधीही स्मरणावर सोडू नयेत. याच प्रस्तावासाठी 'ऑस्ट्रेलिया, कायदा १९२४. मतदान १९२२ : ६०% हून कमी, १९२५ : ९१%' एवढी एक ओळ पुरेशी आहे, पण ती ज्या बाणाला आधार देते त्याच्या शेजारीच असावी, पानाच्या तळाशी नव्हे. इथे ती केवळ 'सक्ती → सगळेच मतदार' हा दुवा सिद्ध करते. पक्षांचे जाहीरनामे बदलले, हे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. पुरावा कुठवर पोहोचतो हे कागदावर स्पष्ट दिसले, की बोलतानाही अतिशयोक्ती टळते.

पूर्ण वाक्यांत लिहावे ते पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि, आपण प्रस्तावाचे पहिले वक्ते असाल तर, प्रस्तावाची व्याख्या. सक्ती कोणाला लागू, दंड कोणता, सूट कोणाला, हे शब्दशः ठरलेले असावे, कारण पुढचे सात वक्ते त्याच शब्दांचा आधार घेऊन बोलणार असतात.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद स्वतःच्या मुद्द्यांच्या टिपणांविषयी आहे. दुसऱ्यांच्या भाषणांची नोंद हा वेगळा कागद असतो आणि तो वेगळाच ठेवावा. आपल्या प्रश्नातील गर्दीचे कारण बहुधा हे दोन कागद एक होणे हेच आहे.

एक मोठा कागद आडवा धरून त्यावर आठ वक्त्यांसाठी आठ उभे रकाने आखावेत. समोरच्याचा मुद्दा एका शाईने त्याच्या रकान्यात लिहावा, आणि आपले उत्तर दुसऱ्या शाईने शेजारच्या रकान्यात, त्याच ओळीवर लिहावे. याचा खरा लाभ रिकाम्या जागांत आहे. आपल्या सहकाऱ्याने मांडलेल्या मुद्द्यासमोर विरोधकांच्या रकान्यात काहीच लिहिले गेले नसेल, तर त्याचे खंडन झालेलेच नाही हे एका दृष्टिक्षेपात कळते, आणि ते परीक्षकांच्या लक्षात आणून देता येते. आपल्या बाजूच्या रिकाम्या जागाही तितक्याच स्पष्ट दिसतात.

ऐकताना प्रत्येक वाक्य टिपण्याचा मोह टाळावा. निष्कर्ष आणि त्यामागचे कारण एवढेच लिहावे. त्यासाठी गणितातील ∵ (कारण) आणि ∴ (म्हणून) ही चिन्हे, वाढ-घटीसाठी वर-खाली बाण, 'स.' म्हणजे सरकार, 'म.' म्हणजे मतदार, अशी स्वतःची संक्षेपपद्धती ठरवून घ्यावी आणि ती स्पर्धागणिक बदलू नये. उदाहरण चुकले तर फारसे बिघडत नाही; कारण चुकीचे टिपले गेले तर आपण त्यांनी न मांडलेल्या युक्तिवादाचे खंडन करत बसतो.

आपली पाळी येण्याच्या थोडे आधी या मोठ्या कागदावरील कोणत्या दोन-तीन मुद्द्यांना उत्तर द्यायचे त्यांभोवती वर्तुळ काढावे आणि तेवढेच भाषणाच्या कागदावर उतरवावे. प्रत्येक बाजूच्या शेवटच्या वक्त्याने, म्हणजे व्हिपने, तर आपले टिपण वक्त्यांच्या क्रमाने न लावता 'सक्तीमुळे गरिबांचे प्रतिनिधित्व वाढते का?' अशा दोन-तीन प्रश्नांभोवती लावावे.

प्रतिसाद ३

प्रतिसाद १ मधील बहुतेक विवेचन मान्य आहे. पहिले वाक्य लिहून नेण्याबाबत मात्र माझा मतभेद आहे. पहिल्या वक्त्यासाठी ती सूचना योग्य आहे. इतरांचे पहिले वाक्य आधीच्या भाषणातून निघायला हवे. तयारीच्या खोलीत रचलेले वाक्य कितीही डौलदार असले, तरी सभागृहातील वाद तोवर पुढे गेलेला असतो, आणि वक्ता ऐकत नव्हता असा परीक्षकांचा ग्रह होतो. तिथे जागा कोरी ठेवावी आणि आधीचे भाषण संपता संपता ती भरावी.

कागद हाताळण्याविषयीही थोडे सांगतो, कारण त्याकडे फार दुर्लक्ष होते. कागदाच्या एकाच बाजूला लिहावे, कोपऱ्यात ठळक क्रमांक घालावा, अक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल इतके मोठे असावे. समासात प्रत्येक मुद्दा कितव्या मिनिटाला सुरू व्हायला हवा ते लिहावे, आणि वेळ कमी पडल्यास गाळता येईल अशा मजकुराभोवती आधीच चौकट आखावी. काय गाळायचे याचा निर्णय उभे राहून, घड्याळाकडे पाहत घेतला, तर बहुतेक वेळा नेमका तिसरा मुद्दा अर्धवट राहतो. नजर खाली न्यायची ती एक मुद्दा संपल्यावर. वाक्याच्या मध्यात नव्हे. त्या क्षणीची शांतता ऐकणाऱ्याला खटकत नाही, उलट तो तेवढ्या वेळात आपली नोंद पुरी करतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. दोन शंका उरतात. घरून तयार करून आणलेली टिपणे कितपत उपयोगी पडतात? आणि पॉइंट ऑफ इन्फर्मेशनसाठी, म्हणजे समोरच्याचे भाषण चालू असताना उभे राहून विचारायच्या छोट्या प्रश्नासाठी, काही लिहून ठेवावे का?

प्रतिसाद १

जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेच्या परंपरागत नियमांनुसार छापील किंवा लिखित साहित्य जवळ ठेवता येते, इलेक्ट्रॉनिक साधने वापरता येत नाहीत. अन्य स्पर्धांचे नियम आधी वाचून घ्यावेत. परवानगी असली तरी १५ मिनिटांत जाडजूड संचिका चाळायला सवड मिळत नाही, म्हणून विषयवार एकेक पान पुरे: त्या विषयातील संस्था कशा चालतात, कोणाचे हितसंबंध कुठे गुंतलेले आहेत, आणि पडताळून घेतलेली तीन-चार उदाहरणे. तयार युक्तिवाद त्यात लिहू नयेत. ते दिलेल्या प्रस्तावात कसेबसे बसवण्याचा प्रयत्न होतो. खरे तर ते पान तयार करताना जे डोक्यात बसते, त्याचाच स्पर्धेत अधिक उपयोग होतो.

पॉइंट ऑफ इन्फर्मेशन पूर्ण वाक्यात जरूर लिहावा. त्याला जास्तीत जास्त १५ सेकंद मिळतात, म्हणजे फार तर तीस शब्द, आणि त्यात शब्द शोधायला फुरसत नसते. भाषणाचे पहिले आणि शेवटचे मिनिट त्यासाठी बंद असते, म्हणून समोरच्या वक्त्याचे पहिले मिनिट संपेपर्यंत प्रश्न लिहून पुरा व्हावा. आपल्याला विचारले जाण्याची शक्यता असलेल्या दोन प्रश्नांची तीन-तीन शब्दांची उत्तरे भाषणाच्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात असू द्यावीत, आणि समासातील वेळेशेजारी, एखादा भक्कम मुद्दा जिथे पुरा होतो तिथे, प्रश्न स्वीकारण्यासाठी खूण करून ठेवावी.